कासवांसाठी परदेशी पैसा मागण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तुमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्राला लागून. गावाच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, दर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातली सात-आठ मुलं चार वर्षं स्वखुशीनं रात्री जागून घरटी राखतायत. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारखा कासव महोत्सव करावा, घराघरांत होमस्टे सुरू करावेत, असं गावात बोलणं चाललंय. त्यातच एका चाकरमान्यानं सांगितलं की परदेशातल्या संस्था असल्या कामाला भरपूर पैसा देतात. तो कसा मिळवायचा आणि गावानं घ्यावा का, हे तुम्ही विचारलंत.

पंचवीसेक वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर याच कामात आहे. परदेशी निधीचे तीन प्रकल्प हाताखालून गेले. घ्यावा का, तिथून सुरुवात करते, कारण कसा मिळवायचा हे त्याच्यावर ठरतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट सांगते. गावाचं नाव नको. तिथे गावकीनं पाळी लावली होती. रोज रात्री दोन घरांतली दोन माणसं पुळणीवर फेरी मारायची, घरटं सापडलं तर खूण करून ठेवायची, सकाळी आम्हाला कळवायची. थर्मासमधला चहा ज्याची पाळी त्याच्या घरचा. एवढ्यावर चार हंगाम निभावले होते. मग आम्ही युरोपातल्या एका न्यासाकडून तीन वर्षांचा निधी आणला. चार कासवमित्रांना महिन्याचं मानधन, गणवेश, विजेऱ्या, एक दुचाकी. पहिल्याच वर्षी बाकीच्या घरांनी पाळी सोडली. "पगार त्यांना, मग जागरण आम्ही कशाला करायचं?" हा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या वर्षाअखेर निधी संपला. पुढच्या नोव्हेंबरात पुळणीवर कोणीच नव्हतं. चौघांना मानधन नव्हतं आणि बाकीच्यांची सवय मोडली होती. दोन हंगाम अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी खाल्ली, काही पुन्हा विकली गेली. देणगीदारानं ठरलेला प्रत्येक पैसा वेळेवर दिला होता. प्रस्ताव मी लिहिला होता, आणि पाळीची किंमत मला कळली नव्हती. त्या गावातल्या एका आजोबांनी मला नंतर विचारलं, "बाई, तुमी येवच्याआदी आमी काय झोपलेलो काय?" ते वाक्य अजून विसरले नाही.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला असा की मुलांची रात्रीची फेरी बाहेरच्या पैशावर टांगू नका. दरवर्षी लागणारी, कधीही न संपणारी गोष्ट ठरावीक मुदतीच्या पैशातून भागवली की मुदत संपताना ती गोष्टही जाते. परदेशी निधी जवळजवळ नेहमी दोन, तीन, फार तर पाच वर्षांचा असतो. त्यातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी घ्याव्यात. गावातल्या चार मुलांना नोंदी कशा ठेवायच्या, अंडी कशी हलवायची याचं नीट प्रशिक्षण. हॅचरीचं, म्हणजे हलवलेली अंडी पुरून राखायच्या जागेचं, कुंपण. वाडीतल्या घरांना पाहुण्यांसाठी स्वच्छ शौचालयं. पहिल्या दोन हंगामांतला तोटा झेलायला थोडी गंगाजळी. आपण भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, काढतो तो थोड्याच जागेत, पण त्याला राब, खत, राखण सगळं जास्त देतो. लावणी मात्र आपल्या शेतात, आपल्या पाण्यावर होते. निधीकडून तरव्यापुरतं मागावं.

मानधन अजिबात देऊच नये असं नाही. वन विभाग आज अनेक किनाऱ्यांवर हंगामापुरतं मानधन देतो आणि ते योग्य आहे, कारण राखण करणारा माणूस दिवसा मजुरी बुडवून रात्री जागतो. फक्त तो पैसा अशा ठिकाणाहून यावा जिथून तो पुढच्या वर्षीही येईल: वन विभाग, ग्रामपंचायत, किंवा पाहुण्यांकडून जमणारा गावाचा स्वतःचा निधी.

आता आपल्याच जिल्ह्यात परदेशी पैशातून काय टिकलं ते पाहा. जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे जीईएफ, हा १९९१ मध्ये सुरू झालेला निधी. त्यातून सुमारे ३४ लाख डॉलर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासाठी आले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत, म्हणजे यूएनडीपीमार्फत, आणि राज्याच्या वन विभागामार्फत तो प्रकल्प २०११ नंतर सहाएक वर्षं चालला. त्या काळात २०१२ साली खारफुटी राखण्यासाठी राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष उभा राहिला आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठान आलं. माझ्या दृष्टीनं त्या काळातली सगळ्यात टिकाऊ कमाई हीच, कारण प्रकल्पाची मुदत संपल्यावरही दार ठोठवायला एक सरकारी दार उरलं.

दुसरी गोष्ट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली. मच्छीमार घरांतल्या बायकांच्या स्वामिनी बचत गटानं २०१७ मध्ये वल्ह्याच्या होडीतून कांदळवन सफर सुरू केली. प्रकल्पानं त्यांना होडी, प्रशिक्षण, जॅकेट दिलं. कांदळाची जात कुठली, खेकडा कुठे बीळ करतो, हे त्यांना आधीपासून माहीत होतंच. पाहुण्याकडून येणारा पैसा पहिल्या दिवसापासून गटाच्या खात्यात गेला. त्यामुळे प्रकल्प संपला तरी होडी चालू राहिली. तिसरी गोष्ट लोकांना फारशी दिसत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, कॉड एंडला, चौकोनी आसाचं, म्हणजे छिद्राचं, ४० मिलिमीटरचं जाळं लावण्याचा प्रयोग झाला. नेहमीचा हिऱ्याच्या आकाराचा आस ओढताना मिटतो, चौकोनी उघडा राहतो, त्यामुळे लहान मासळी निसटून जाते. पर्यटनाशी याचा थेट संबंध नाही असं वाटेल. पण मासळी संपली तर मच्छीमार पर्यटकांच्या होड्या चालवायला येणार, आणि मग एका डॉल्फिनमागे दहा होड्या धावणार. ते मालवणात आपण पाहतोच आहोत.

ज्या गोष्टी टिकल्या नाहीत त्याही पाहिल्या. एक-दोन दिवसांची शिबिरं, हजेरीपट, चहा-नाश्ता, फोटो. अहवालात "प्रशिक्षित व्यक्ती" म्हणून आकडा जातो. पुढच्या वर्षी त्यातल्या किती जणांनी काय केलं हे कोणी विचारत नाही.

मालवणचा आणखी एक धडा इथे आला पाहिजे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा भाग गाभ्यात. मच्छीमारांना विश्वासात न घेता रेघ मारली गेली आणि तो राग वर्षानुवर्षं गेला नाही. पुढे चांगल्या हेतूनं आलेल्या माणसालाही पहिला प्रश्न हाच ऐकावा लागायचा: आमची मासेमारी बंद करायला आलात का? तुमच्या पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागत असेल, तर महोत्सवाची पहिली बैठक रापणकरांबरोबर घ्या, होमस्टेवाल्यांबरोबर नंतर. दोर ओढायला जागा त्यांना लागते, होडी ओढून ठेवायला जागा त्यांना लागते, आणि जाळ्यात सापडलेलं कासव सोडायचं की नाही हे तेच ठरवतात. त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट आधीपासून आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार, जाळं कापून संरक्षित सागरी प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्याला सुटकेचे फोटो आणि अर्ज लागतो. तुमच्या मुलांनी पहिल्या वर्षी एका रापणकराचा अर्ज भरून भरपाई मिळवून दिली, तर दहा व्याख्यानांनी होणार नाही ते होईल.

पैसा कुठल्या वाटेनं येतो ते आता सांगते. इथे गैरसमज खूप आहेत.

परदेशी सरकारं थेट गावाला पैसा देतील असं समजू नका. भारतानं २००३ मध्ये बहुतेक छोट्या देणगीदार देशांची थेट द्विपक्षीय मदत घेणं थांबवलं. ब्रिटननंही २०१५ नंतर भारताला पूर्वीसारखी आर्थिक मदत देणं बंद केलं. आज आपल्या किनाऱ्यावर येणारा मोठा परदेशी पैसा बहुपक्षीय, म्हणजे अनेक देशांनी मिळून चालवलेल्या, निधींतून येतो: जीईएफ, हरित हवामान निधी, जागतिक बँक. तो केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून खात्याकडे येतो. तुमच्या जिल्ह्याला लागू असलेला सगळ्यात जवळचा म्हणजे हरित हवामान निधीचा किनारी समुदायांसाठीचा कार्यक्रम. २०१८ मध्ये मंजूर झाला, त्या निधीतून ४ कोटी ३४ लाख डॉलर, बाकी मोठा वाटा आपल्याच सरकारांचा. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा ही तीन राज्यं, महाराष्ट्रात सिंधुदुर्गही. यात गावानं परदेशात पत्र पाठवायचं नसतं. कांदळवन कक्षाकडे जाऊन काय काम अजून चालू आहे आणि त्यात आपलं गाव बसतं का ते विचारायचं असतं. शिवाय राज्याची स्वतःची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना २०१७ पासून आहे. खेकडापालन, कालवंपालन, निसर्ग पर्यटन अशा कामांना गटाला ९० टक्के अनुदान मिळतं, १० टक्के गटाचे. ते १० टक्के महत्त्वाचे. ज्या गटानं आपला पैसा घातला तो गट पिंजरा फुटला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो.

दुसरी वाट खासगी: परदेशी न्यास, प्राणी-पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, विद्यापीठं. हा पैसा तुमच्या मंडळाला थेट घ्यायचा असेल तर २०१० चा विदेशी अंशदान विनियमन कायदा लागू होतो, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. तुमच्या मंडळानं चार वर्षांत पदरचे किती खर्च केले असतील याचा अंदाज आहे मला, म्हणून ही वाट तूर्त तुमच्यासाठी बंद समजा. एका ठरावीक देणगीदाराच्या एका ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण तीही गृह मंत्रालयाकडे, आणि वेळ लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नियम आणखी कडक झाले. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आणि तुमच्यासारख्यांना सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था निधी आणायची आणि गावच्या मंडळाला त्यातला भाग द्यायची. आता तसं करता येत नाही. मोठी संस्था तुमच्या गावात काम करू शकते, स्वतः खर्च करू शकते, पण तुमच्या मंडळाच्या खात्यात रक्कम टाकू शकत नाही. कोणी "आम्ही आणतो, तुम्हाला देतो" म्हणालं तर त्यांना आधी हा नियम माहीत आहे का ते विचारा.

याच कायद्यातले तीन बारकावे, ज्यांत चांगली माणसं नकळत अडकतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक यांचा पैसा या कायद्यात "विदेशी स्रोत" धरत नाहीत, त्यामुळे तिथून आलेल्या कामाला वेगळा न्याय लागतो. परदेशी पाहुण्यानं तुमच्या होमस्टेचं भाडं आणि जेवणाचे पैसे दिले तर तो व्यवहार आहे, अंशदान नाही. पण त्याच पाहुण्यानं जाताना कौतुकानं मंडळाच्या दानपेटीत पाच हजार टाकले तर ते अंशदान, आणि नोंदणी नसताना ते घेणं गुन्हा. त्याला नम्रपणे नाही म्हणा. तिसरं, तुमच्या गावातले जे दुबई-कुवेतला आहेत आणि ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून पाठवलेला पैसा परदेशी धरला जात नाही. नागरिकत्व बदललेला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचा पैसा मात्र परदेशी. म्हणजे ज्यानं तुम्हाला परदेशी संस्थांचं सुचवलं, त्यानं आपल्याच गावच्या आखातातल्या मंडळींकडे शब्द टाकला तर काम लवकर होईल.

आता देणगीदाराच्या आकड्यांबद्दल, कारण मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते. परदेशी निधी आला की त्यासोबत मोजमापाचा तक्ता येतो. "समुद्रात सोडलेल्या पिल्लांची संख्या" हा त्यातला लाडका रकाना. आकडा वाढला की अहवाल चांगला दिसतो. मग काय होतं? जे घरटं भरतीरेषेच्या वर, सुरक्षित जागी आहे, जिथे ते तसंच ठेवून फक्त जाळी लावली तर पुरलं असतं, तेही उकरून हॅचरीत आणलं जातं, कारण हॅचरीतली पिल्लं मोजता येतात. एका घरट्यात साधारण १०० ते १५० अंडी. मादीनं घातल्यानंतर पहिल्या काही तासांत, न फिरवता, जशी होती तशीच नेली तर ती जगतात. उशीर झाला किंवा टोपलीत हिसका बसला तर आतला गर्भ सुटून मरतो आणि ते ४५-५० दिवसांनी कळतं, तोवर दोष कोणाचा हे कोणाला आठवत नाही. शिवाय पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. सगळी घरटी एका उघड्या चौकोनात, एकसारख्या खोलीवर पुरली तर एका हंगामाची सगळी पिल्लं एका बाजूला झुकू शकतात. म्हणून निधी देणाऱ्यानं तक्ता पाठवला तर तो तसाच भरू नका. आपणच रकाने सुचवा: जागेवरच राखलेली घरटी किती, हलवलेली किती, का हलवली. समजूतदार देणगीदार हे आनंदानं मान्य करतो. जो मान्य करत नाही त्याचा पैसा घेऊ नये.

वेळेचंही तसंच. परदेशी संस्थांचं आर्थिक वर्ष, मंजुरी, करार, पहिला हप्ता, यात सहज आठ महिने जातात. आपला हंगाम नोव्हेंबर ते मे. मार्चअखेर आलेले पैसे ऑगस्टपर्यंत खर्च करून दाखवायचे म्हणून पावसाळ्यात कुंपण घालणारी गावं मी पाहिली आहेत. पहिल्या उधाणात ते गेलं. करारात स्पष्ट लिहून घ्या की खर्चाचं वेळापत्रक कासवांच्या हंगामाप्रमाणे चालेल.

पर्यटनाकडे येते. वेळास हे मंडणगड तालुक्यातलं गाव. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये राखण सुरू केली, आणि महोत्सव त्यानंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये. आधी राखण, मग पाहुणे. तुमची चार वर्षं झालीच आहेत, म्हणजे तुम्ही बरोबर जागी उभे आहात. मात्र महोत्सवाच्या तारखा आधी छापू नका. पिल्लं किती दिवसांनी बाहेर येतील ते वाळूवर अवलंबून, त्या दिवशी येतील की दुसऱ्या हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला पिल्लू दिसलं नाही की ते चिडतं, आणि मग त्यांच्यासाठी पिल्लं टोपलीखाली अडवून दुपारपर्यंत ठेवायचा मोह होतो. ते करू नका. अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे पोहायला लागणारी ताकद मोजकी असते, टोपलीत धडपडून ती खर्च होते. पाहुण्याला पैसे घेण्याआधीच सांगा की दिसेलच याची हमी नाही. खरं सांगितल्यावर येणारे पाहुणे कमी असतील, पण पुन्हा येतील.

शिमग्याचंही आधी ठरवा. पिल्लं निघण्याचे ऐन दिवस आणि शिमगा एकाच वेळी येतात. पालखी घरोघर फिरते, पुळणीवर माणूस राहत नाही. ज्या घरांकडे पालखीचा मान नाही त्यांची पाळी त्या दिवसांत लावा, किंवा शेजारच्या वाडीला विचारा. कोणत्याही परदेशी तक्त्यात हा रकाना नसतो.

पैसा कोणाच्या घरी जातो, हे पहिल्या हंगामात ठरलं की पुढे बदलत नाही. रात्री जागणारी मुलं बहुधा समुद्राकाठच्या घरांतली असतात, आणि पाहुण्यांना आवडणारं चिऱ्याचं मोठं घर, पडवी, आत शौचालय, हे वरच्या वाडीत असतं. खोल्यांचं भाडं वर जातं, जागरण खाली राहतं. दोन-तीन वर्षांत खालची मुलं येणं सोडतात. म्हणून ग्रामसभेत दोन ठराव करून घ्या. एक, पाहुणे पाळीनं वाटले जातील, कोणी एका घरानं थेट बुकिंग घेऊन पाळी मोडायची नाही. दोन, प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम राखणीच्या खात्यात जाईल आणि त्या खात्याचा हिशेब दर महिन्याला देवळात वाचून दाखवला जाईल. मोठ्या आवाजात वाचलेला हिशेब ऑडिटपेक्षा जास्त कामाचा असतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. होमस्टेची नोंदणी पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत करून घ्या, म्हणजे उद्या तक्रार झाली तर अडचण नको.

आणि पाणी मोजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या विहिरींना किती पाणी असतं? जेवढे पाहुणे त्या पाण्यावर निघतील तेवढेच घ्या, खाटा कितीही असोत. पुळणीकडे तोंड करून दिवे लावू नका. पिल्लू उजेडाच्या दिशेनं जातं, समुद्राऐवजी तुमच्या अंगणात येऊन मरतं. कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत सगळ्यात कडक वर्गात, सीआरझेड १-अ मध्ये येतात. कोणी निधीतून पुळणीवर "निसर्ग कुटी" बांधून देतो म्हणाला तर हे त्याला सांगा.

परदेशी पैसा एका रात्रीत थांबू शकतो हे आता सगळ्यांनी पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदत रोखली आणि १ जुलैला यूएसएआयडी या तिथल्या सरकारच्या मदत संस्थेचं काम संपलं. आफ्रिकेत जिथे राखणदारांचा पगार त्या पैशावर होता तिथे काम अडलं. त्याच आफ्रिकेत नामिबियानं एक गोष्ट आधी केली होती. १९९३ पासून यूएसएआयडीचा पैसा आला, पण १९९६ च्या कायद्यानं गावसमूहांना आपल्या भागातल्या वन्यजीवांतून आणि पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नावर हक्क दिला. आज तिथे अशा ऐंशीहून जास्त संवर्धन क्षेत्रांचं जाळं आहे. पैशाबरोबर हक्कही आला की गाव उभं राहतं. मात्र पर्यटनावरच सगळं टाकलं तर तेही पडतं. २०२० मध्ये कोरोनानं तिथलं उत्पन्न आटलं. आपल्याकडेही त्याच मार्चमध्ये, पिल्लं निघण्याच्या ऐन दिवसांत, टाळेबंदी आली आणि ३ जूनला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतली छपरं आणि माड नेले. पाहुणे नव्हते, पण कासवं आली होती. त्या वर्षी ज्या गावांत राखण माणसांच्या सवयीवर उभी होती तिथे ती चालू राहिली. म्हणून राखणीच्या खात्यात एका पूर्ण हंगामाचा खर्च शिल्लक ठेवा आणि त्याला महोत्सवासाठी हात लावू नका.

तर यंदा काय करायचं? वनक्षेत्रपालांना भेटून लेखी परवानगी घ्या. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय अंड्याला हात लावणंसुद्धा गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमची पुळण नोंदवून घ्या. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नसेल तर करा. हे सगळं बिनखर्चाचं किंवा थोड्या खर्चाचं आहे, आणि पुढे कोणाकडेही निधी मागितलात तर पहिल्यांदा हेच कागद मागतात.

आणि वही. चार वर्षांच्या नोंदी तुमच्या मुलांच्या मोबाइलमध्ये विखुरल्या असतील, त्या एका वहीत उतरवा. २०२१ मध्ये ओडिशात ओळखीच्या क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगवेगळी, असं आपण धरून चालत होतो. ती सापडली, कारण त्या रात्री कोणीतरी पुळणीवर होतं आणि त्यानं पट्टीवरचा आकडा नीट वाचला. वहीत तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, अंडी किती, हलवली का, कोणी हलवली, पिल्लं किती निघाली, किती अंडी वाया गेली, पट्टी असेल तर तिचा क्रमांक, एवढं असू द्या. वेळ घड्याळातली लिहा, "पहाटे" असं नको. ज्या रात्री काहीच सापडलं नाही त्या रात्रीचीही नोंद करा, फेरी कोणी मारली त्याच्या सहीसकट.